सुपडूच्या गिटारचा घसा

सुपडू बैसाणे कसा माणूस होता हे सांगायचं तर बिडीपासून सुरुवात करावी लागते. सुरतेजवळच्या उधन्याच्या ज्या मिलमध्ये तो मागावर होता, तिथल्या मास्तरांना खोकल्याची सवय होती. गोदामामागं कापडाच्या गाठींच्या आडोशाला कामगार बिडी ओढत बसलेले असायचे. लांबून मास्तरांचा कोरडा, दुहेरी खोकला कानावर आला की पेटत्या बिड्या तिथंच टाकून सगळे पळत सुटायचे. सुपडूनं तो खोकला हुबेहूब उचलला. भिंतीपलीकडून खोकायचं, सगळे पांगले की सावकाश यायचं आणि जमिनीवरची त्यातल्या त्यात लांब बिडी निवडून निवांत ओढायची. कितीतरी दिवस हा फुकटचा धूर चालला. शेवटी ही लबाडी फुटली. मग एकदा खऱ्या मास्तरांना खरा खोकला आला, "हा सुपड्याच" म्हणून कोणी जागचं हललं नाही, आणि सगळे बिडीसकट सापडले. त्या संध्याकाळी चहाच्या लारीमागं, म्हणजे हातगाडीमागं, सगळ्यांनी मिळून सुपडूला यथेच्छ बुकललं. मार खाताखाताही तो म्हणत होता, "पण खोकला जमला होता ना?"

तर असा हा सुपडू. बाप अमळनेरकडून रेल्वेच्या गँगमध्ये उधन्याला आलेला, आई मिलमध्ये घड्या घालणारी, आणि लिंबायतमधल्या पत्र्याच्या खोलीत लहानाचं मोठं झालेलं हे पोरगं आवाजांच्या मागं वेडं. रेल्वेतले एक गोवेकर गार्ड निवृत्त होऊन गावी निघाले तेव्हा त्यांनी आपली जुनी गिटार सुपडूच्या हाती दिली. उधना दरवाजाजवळ बन्सीलालचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. बन्सीलाल आपल्याच खानदेशातला, जळगावकडचा. त्यानं गिटारला एक कॉइल बसवली, वायर काढली आणि अँप्लिफायरला जोडून दिली. सुपडू भगवंतदादांच्या गायनपार्टीत गिटार वाजवायला लागला.

भगवंतदादा म्हणजे पार्टीचे मालक, मुख्य गायक आणि स्वतःच्या गळ्याचे पहिले भक्त. लग्न असो, नामकरण असो, चौदा एप्रिलची मिरवणूक असो, दादांनी तान घेतली की डोळे मिटायचे ते हार पडेपर्यंत उघडायचे नाहीत. त्यांना सगळं गोड लागायचं. "सुपड्या, तार अशी छेड, जशी बाळाच्या गालावरची माशी उडवावी."

सुपडू बिचारा माश्या उडवत बसायचा. पण लिंबायतचा श्रोता म्हणजे आयुष्यभर मागांच्या खडखडाटात उभा राहिलेला. घरीसुद्धा माणसं एकमेकांशी ओरडून बोलायची. त्यांच्या कानापर्यंत ही गोड गिटार पोचायचीच नाही. एकदा डिंडोलीला कार्यक्रम संपल्यावर एका म्हाताऱ्यानं सुपडूच्या खांद्यावर हात ठेवून आपुलकीनं विचारलं, "पोरा, तू सगळा वेळ त्या लाकडाला काय खाजवत होतास?"

ते सुपडूच्या फार जिव्हारी लागलं.

सुपडूची बायको सुंदरा नानपुऱ्यातल्या एका पारशी घरी धुणीभांडी करायची. घरात एरचशा नावाचे म्हातारे बावाजी एकटेच. मुलगा लंडनला. तो बापाला पत्रं कमी आणि तबकड्या जास्त पाठवायचा. एक दिवस कपाट सरकवायला माणूस हवा म्हणून सुंदरा नवऱ्याला घेऊन गेली. कपाट अर्ध्यात आलं आणि बावाजींनी शेजारच्या खोलीत लावून ठेवलेल्या तबकडीतून असा काही आवाज आला, की सुपडूनं आपल्या बाजूचं कपाट सोडूनच दिलं. ते बावाजींच्या पायावर पडता पडता राहिलं.

गिटार होती ती. पण कशी! रेड्याला वेसण घालताना तो जसा घशातून डुरकतो, तसा एकेक सूर निघत होता. आणि निघाला की विझत नव्हता. लांबत होता, थरथरत होता, भिंतीवर डोकं घासत होता.

"शेठ, हे काय शे?"

"मारा दीकरानी करामत," बावाजी कपाळाला हात लावून म्हणाले. "एने हेवी मेटल कहे छे. हूं तो सवारे वगाडूं, एटले बिलाडी दूध पीवा नथी आवती." मांजर दुधावर येऊ नये म्हणून बावाजी सकाळी सकाळी ही तबकडी लावत होते.

"हेवी मेटल म्हणजे?"

"भारी लोखंड, बीजुं शुं!"

सुपडू कपाट तसंच सोडून निघाला तो थेट भंगारवाल्याकडे. तिथून त्यानं मोडक्या शिलाई मशीनचा पायानं दाबायचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, पायटा उचलला. दम लागेपर्यंत ओझं वाहून बन्सीलालच्या काउंटरवर धाडकन ठेवलं. आतल्या सगळ्या रेडिओंनी एकदम खरखर केली.

"बन्सीभाऊ, हे गिटारला जोड. भारी लोखंड आहे. आता आवाज कसा निघत नाही ते पाहतो."

बन्सीलाल पोट धरून हसला. हसू ओसरल्यावर त्यानं टपरीवरून चहा मागवला आणि समजावून सांगितलं. किटलीतून कपात चहा ओततोस ना, तो कपात मावतो तोवर गुपचूप बसतो. तुझी गिटार तशी आहे. पण कप भरल्यावरही ओततच राहिलास तर? मग तो काठावरून सांडतो, बशीत पडतो, टेबलावर पळतो. त्या बावाजींच्या तबकडीत हेच चाललंय. अँप्लिफायरला झेपेल त्याच्यापेक्षा जास्त पाजायचं. मग सुराच्या कडा फाटतात आणि तो डुरकायला लागतो. लोखंडाचा काही संबंध नाही.

"मग तो जास्तीचा चहा ओतणारी किटली बनव," सुपडू म्हणाला. "आणि ती पायाखाली पाहिजे. हात मोकळे नसतात माझे."

"बनवतो."

"आणि पायटा आणलाच आहे तर त्यालाच जोड. परत कोण उचलून नेणार?"

अशी पहिली पेटी तयार झाली. शिलाई मशीनचा पायटा दाबला की खटका बसायचा आणि गिटार डुरकायला लागायची. परत दाबला की गप्प. सुपडूनं तिचं नाव ठेवलं रेडा. रेड्याला एकच आवाज येत होता. हळू छेडा, जोरात छेडा, तार नुसती नखानं खरवडा, तो आपला एकाच सुरात अंगावर यायचा. सुपडूला मात्र स्वर्ग हाताशी आल्यासारखं झालं. त्यानं भगवंतदादांना एका शब्दानंही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गंमत काय राहिली असती?

मिलमधल्या जॉबरच्या, म्हणजे मुकादम राघोच्या मुलाचं लग्न निघालं. नवरदेव घोडीवर, मागं लारीवर बॅटरी, अँप्लिफायर आणि कर्णे, त्यामागं पार्टी. सुपडूनं लारीवर रेडा चढवून वर सतरंजी टाकली होती. भगवंतदादा डोळे मिटून एक हळुवार गाणं गात होते. वरात मांडवाच्या वळणावर आली. दादांनी एका सुरावर दम धरला. सुपडूनं सतरंजीखाली पाय घातला आणि पायटा दाबला.

घोडीनं आयुष्यात खूप बँड ऐकले असतील. हे ऐकलं नव्हतं. ती आधी जागच्या जागी उडाली, मग कान मागं टाकून सुटली. सुपडूनं घाईघाईत परत पायटा दाबला, पण बिडाचा तो पायटा सतरंजीत अडकून बसला होता. रेडा डुरकतच राहिला आणि घोडी पळतच राहिली. मांडवाच्या दारात आरतीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या बायकांच्या समोरून नवरदेव, मुंडावळ्या सांभाळत, "थांब माय, थांब माय" म्हणत वाऱ्यासारखा निघून गेला. घोडी कालव्याच्या कडेनं थेट आपल्या तबेल्यात जाऊन उभी राहिली आणि चारा खायला लागली. शेवटी कोणीतरी भाजीवाल्याची लारी आणली आणि नवरदेव वांग्यांच्या शेजारी बसून मांडवात आला.

लग्न लागलं. पण जेवणाच्या पंगतीत भगवंतदादांनी सगळ्यांदेखत सुपडूच्या हातातली गिटारची वायर ओढून काढली.

"आजपासून माझ्या पार्टीत तू नाहीस. तुला आवाज नाही, गोंगाट पाहिजे."

"दादा, पण लोकांना ऐकू तरी आलं ना?"

"घोडीला आलं!" दादा ओरडले.

घरी सुंदरानं तर पाणीही विचारलं नाही. "तुमनं डोकं फिरनं का? त्या पोराना जीव गया असता म्हंजे?" सुपडू खाली मान घालून बसला. नवरदेव वांग्यांत बसलेला आठवून त्याच्या पोटात हसू उसळत होतं आणि ते दाबताना डोळ्यांत पाणी येत होतं. सुंदराला वाटलं, पश्चात्ताप झाला. तिनं जेवायला वाढलं.

पण पार्टी सुटल्याचं दुःख खरं होतं. संध्याकाळी तालमीच्या वेळी हार्मोनियमचे सूर गल्लीत यायचे आणि सुपडू उगाचच गिटारच्या तारा पुसत बसायचा. रेड्याला त्यानं खाटेखाली ढकललं. आवाज तर हवा होता, पण हा नव्हे. असा हवा होता की लागेल तेव्हा डुरकेल आणि नको तेव्हा माणसात येईल.

नवरात्रात मुंबईचा एक ऑर्केस्ट्रा सुरतेला आला. त्यातल्या गिटारवाल्याकडे पिवळ्या रंगाची, विलायती, पायानं दाबायची पेटी होती आणि ती त्याला विकायची होती. सुपडूनं गोड बोलून ती एका दिवसासाठी वाजवून पाहायला मागून आणली आणि थेट बन्सीलालचं दुकान गाठलं. दोघांनी वाजवली. आवाज सभ्य होता. घसा जरा बसल्यासारखा, पण सगळं कसं इस्त्रीतलं.

"हा तर साहेब आहे," सुपडू म्हणाला. "रुमाल तोंडावर धरून शिंकतोय."

"पण विलायती आहे. घे. लोकांत वजन पडेल."

"वजनाचं नाव काढू नको, बन्सीभाऊ. वजन खाटेखाली पडलंय."

मग दोघांनी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि साहेबांचं पोट उघडलं. बन्सीलाल कितीतरी वेळ आत डोकावून पाहत राहिला आणि हळूहळू त्याचा चेहरा पडला. "एवढंच?" तो म्हणाला. खिशातल्या रेडिओत असतात तसले दोन ट्रान्झिस्टर, चार फुटकळ तुकडे. पेटी परत बंद केली तेव्हा एक स्क्रू उरला. तो कुठला हे दोघांनाही कळेना. सुपडूनं तो पिशवीच्या तळाशी सोडला आणि पेटी परत देताना अगदी गंभीरपणे म्हणाला, "साहेब नाजूक आहेत, जपून न्या."

खरी अडचण आता आली. बन्सीलाल नवी पेटी बनवायला तयार होता, पण तो विचारायचा, "तुला नेमका कसला आवाज पाहिजे ते सांग," आणि सुपडूला सांगता येत नव्हतं. तो हातवारे करायचा, डुरकून दाखवायचा, डोळे फिरवायचा. बन्सीलाल हताश होऊन सोल्डरिंगची कांडी खाली ठेवायचा.

उत्तर सापडलं ते घरी. सकाळी सुंदरानं स्टोव्हजवळून हळूच विचारलं, "च्या लेतस का?" किती मऊ आवाज! सुपडू गिटारमध्ये गुंतलेला, त्यानं ओ दिली नाही. तिनं परत विचारलं, आता आवाजाला थोडी धार. तरी हा गप्प. मग तिसऱ्यांदा ती अशी काही कडाडली की शेजारच्या खोलीतल्या माणसानं "हो, घेतो" म्हणून उत्तर दिलं. सुपडू मात्र टुणकन उठला, सुंदराकडे डोळे फाडून पाहिलं आणि चहा न पिता चपला घालून पळाला.

"बन्सीभाऊ, सापडला! बाई तीच, गळा तोच. हळू बोलली तर लोणी. जोरात बोलली तर तोच आवाज फाटतो, पण सूर सोडत नाही. खटका बिटका काही नाही, सगळं तिच्या मनावर. तसं पाहिजे. मी हळू छेडलं तर गिटारनं बोलावं, जोरात छेडलं तर ओरडावं."

"वहिनीसारखी?" बन्सीलालनं चष्मा वर केला.

"वहिनीसारखी. पण वहिनीला कळू द्यायचं नाही."

बन्सीलाल त्या दिवसापासून हट्टाला पेटला. एक तुकडा काढ, दुसरा लाव, जुन्या रेडिओतून ट्रान्झिस्टर उपस, वाजव, नाक मुरड, परत काढ. कधी पेटी नुसतीच लाजायची, कधी पुन्हा रेड्यासारखी अंगावर यायची. एकदा तर तिच्यातून रेडिओवरच्या बातम्या ऐकू यायला लागल्या. सुपडूला ते फार आवडलं, त्याला ते तसंच ठेवायचं होतं. बन्सीलालनं ऐकलं नाही. शेवटी जमलं, तेव्हा सगळा कारभार साबणाच्या डबीत मावला. सुपडूनं ती घरी आणली, अँप्लिफायरला जोडली आणि तार हलकेच छेडली. मग जरा जोरात. मग हात उचलून पूर्ण ताकदीनं. सूर भडकला, लांबला, थरथरला आणि सुपडूनं बोट हलकं करताच परत मऊ झाला.

सुंदरा भाकरी थापता थापता उठून दारात आली होती. तिनं कमरेवर हात ठेवून ऐकलं. डबीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"हाई तं मीच बोली राहिनू," ती म्हणाली.

सुपडूच्या तोंडचं पाणी पळालं. पण सुंदरा पदर तोंडाला लावून इतकी हसली की तव्यावरची भाकर करपली.

एप्रिल आला. चौदा तारखेच्या मिरवणुकीसाठी लिंबायत, डिंडोली, उधना अशा सगळ्या वस्त्यांतून माणसं जमायची. भगवंतदादांच्या पार्टीचा त्या दिवशी पहिला मान. आणि जयंतीच्या तोंडावर दादांचा घसा बसला. साधासुधा नव्हे, पार तळाला जाऊन बसला. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झाला, डॉक्टरची सुई झाली. दादांनी तोंड उघडलं की आतून नुसती हवा यायची.

पार्टीत मागं कोरस धरणाऱ्या बायकांच्या पुढारी होत्या रंभाबाई. त्या सुपडूच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "चल रे," त्या म्हणाल्या. "शब्द आम्ही म्हणू. पण दादाचा सूर लांबवणार कोण? तुझ्या त्या डबीचं बन्सीलालनं सांगितलंय मला."

"दादा मला हाकलतील, मावशी."

"कशानं? ओरडायला आवाज कुठे आहे त्याला?"

हे ऐकल्यावर सुपडूला कोणी थांबवू शकलं नसतं.

लारीवर गिटार घेऊन उभ्या असलेल्या सुपडूला पाहताच भगवंतदादांचा चेहरा लालबुंद झाला. ते पुष्कळ काही बोलले. ऐकू काहीच आलं नाही. सुपडूनं हात जोडून विनयानं मान डोलवली, जणू दादा आशीर्वादच देत होते. तेवढ्यात मिरवणूक हलली. माणसांचा लोंढा मागून आला आणि दादांना सवयीनं माइकपाशी उभं राहावं लागलं.

पहिलं गाणं सुरू झालं. रंभाबाईंनी आणि बायकांनी शब्द उचलले. दादांचे डोळे मिटले, ओठ हलायला लागले. तान यायची ती जागा आली. सुपडूनं तार ओढली. साबणाच्या डबीतून सूर असा काही उठला की कर्ण्यांमधून जाऊन पत्र्यांवर आदळला. खडबडीत, भरलेला, माणसाच्या गळ्यासारखा, आणि दम असा की संपायचं नावच नाही. सुपडूची नजर दादांच्या ओठांवर होती. ते मिटले की हा बोट सैल करायचा, ते उघडले की हा तार ओढायचा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोकल्याची नक्कल केलेला माणूस, त्याला हे काय अवघड? गर्दी आधी चमकली, मग हात वर करून नाचायला लागली. जे म्हातारे दरवर्षी नुसते चालायचे, तेही लेझीम मागायला लागले.

पुढच्या चौकात लोकांनी भगवंतदादांना खांद्यावर घेतलं. "दादा, आज गळा काय तापलाय!" "थोडा खरखरीत, पण काय दम!" "इतकी वर्षं हा आवाज लपवला कुठे होता?" एकानं हार घातला, दुसऱ्यानं पेढा भरवला. दादा दोन्ही हातांनी नाही नाही करत होते. पण नाही म्हणायला आवाज हवा, तोच नव्हता. लोकांना वाटलं, केवढा विनय! त्यांनी आणखी एक हार घातला. खांद्यावरून दादांनी सुपडूकडे पाहिलं. सुपडू अगदी निष्पाप चेहऱ्यानं तार जुळवत होता.

पुढं दादांचा घसा सुटला. तोवर त्यांच्या नव्या आवाजाची कीर्ती पार बारडोलीपर्यंत गेली होती. खरं सांगायची वेळ त्यांच्यावर कितीदा तरी आली असेल, पण दर वेळी कोणीतरी हार घेऊन पुढं यायचं. डिंडोलीला त्यांनी आपल्या खऱ्या गळ्यानं कार्यक्रम केला, तर लोक म्हणाले, दादा आज जरा नरम वाटले, बरं नाही का?

दुसऱ्याच दिवशी दादा सुपडूच्या घरी आले. सुंदरानं चहा दिला. दादांनी बशीत ओतून सावकाश प्यायला, पत्र्याकडे पाहिलं, चप्पल काढलेल्या दाराकडे पाहिलं.

"सुपडू," ते म्हणाले. सुपड्या नव्हे, सुपडू. "ती डबी. माझ्या मागं मागं जरा वाजवत जाशील का? म्हणजे, आधारापुरती."

सुपडूनं विचार करत असल्यासारखा चेहरा केला. "वाजवतो की, दादा. पण एक गोष्ट आहे. कार्यक्रमाच्या सुरुवातीला माइकवरून माझं नाव घ्यायचं. पूर्ण."

दादांनी डोळे मिटले. तान घेताना मिटायचे तसे नव्हे. "घेऊ," ते म्हणाले.

आणि घेतलं. नंतर पुष्कळ वर्षं पार्टी सुरतेत, नवसारीत, वलसाडपर्यंत गाजली. डबी बदलत गेली, साबणाच्या जागी पत्र्याची आली, पण आतला जीव बन्सीलालनं बदलू दिला नाही. भगवंतदादा दर कार्यक्रमात सगळ्यांची नावं सावकाश, चवीनं सांगायचे आणि शेवटी एका दमात, शक्य तितक्या भरभर म्हणायचे, "गिटारवर सुपडू बैसाणे." सुपडू तेवढ्यासाठी बोटं तारेवर ठेवून तयारच असायचा. नाव संपतं न संपतं तोच तो तार अशी ओढायचा, की पुढचं मिनिटभर दादांना काही बोलताच यायचं नाही.